स्वप्नांचं विज्ञान शिकायचंय, पण खान्देशात बसून कसं?

मेहरूणकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जळगावात समुपदेशनाचं काम करते. येणाऱ्यांपैकी बरेच जण बोलता बोलता स्वप्नांवर येतात. "मॅडम, झोप लागते हो, पण नको नको ती स्वप्नं पडतात." "मेलेली सासू रोज उशाशी येऊन बसते, काहीच बोलत नाही." यावर काय बोलायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. एम.ए.ला स्वप्न म्हणजे फ्रॉइड, तोही टीपा लिहा या प्रश्नापुरता.

शोधाशोध केली. परदेशात इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ ड्रीम्स म्हणून संस्था आहे, १९८३ पासूनची. तिच्या परिषदा होतात, ऑनलाइनही काही असतं, तिकडच्या मानसशास्त्रज्ञांना व्यावसायिक शिक्षणाचे गुणही मिळतात. पण ते गुण आपल्याकडे कुठल्या खात्यात जमा करणार? शिवाय त्यांच्याकडे प्रयोगशाळेतल्या संशोधनाच्या शेजारीच परामानसशास्त्राचीही सत्रं असतात. निवडून घेण्याइतकी जाण असलेल्यांना ठीक, माझ्यासारखीने कशाला हो म्हणायचं? दुसऱ्या टोकाला आपल्याकडचे शनिवार-रविवारचे 'ड्रीम अ‍ॅनालिस्ट' सर्टिफिकेटवाले. हॉटेलात जेवणासकट.

आपल्यासारख्या रोज माणसं बघणाऱ्यांनी यातलं नेमकं काय शिकावं? आणि जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात जनरल प्रॅक्टिसवाले, समुपदेशक, नर्सेस, फार्मासिस्ट यांच्यासाठी काही घडवून आणता येईल का?

---

बोदवड_पॅसेंजर

पहाटेची स्वप्नं खरी होतात एवढं शिकवलं तरी बास. मला पहाटे प्रमोशन मिळतं, साडेसातला अलार्म वाजतो. 😀

---

गोळीवाला

धुळ्यात मेडिकल आहे. माझं म्हणणं, पहिला तास औषधांना द्या. काउंटरवर रोज बघतो. प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं की काहींना भयाण स्वप्नं पडतात. रक्तदाबाच्या त्याच गटातल्या, मेंदूत सहज शिरणाऱ्या इतर गोळ्यांचंही तेच, अ‍ॅटेनोलॉलचं त्यामानाने कमी. मुलांना सर्दी-दम्यासाठी सर्रास दिलं जाणारं मॉन्टेलुकास्ट: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, मानसिक परिणामांबद्दल, आणि त्या परिणामांत वाईट स्वप्नंही आहेत. विसराळूपणाचं डोनेपेझिल रात्री घेतलं तर स्वप्नं भडक होतात, कित्येकदा तीच गोळी सकाळी घ्यायला सांगून काम भागतं. पार्किन्सनचं लिव्होडोपा आहे. नैराश्यावरच्या गोळ्या आहेत, त्यातही मनानेच एकदम बंद केल्या तर पुढचे काही दिवस स्वप्नांचा नुसता पूर. मनानेच बंद करणारे आपल्याकडे किती, ते मला विचारा.

आणि दारू. रोज पिणारा माणूस सोडतो, तिसऱ्या-चौथ्या रात्री घाबरून उठतो, घरचे म्हणतात "सोडली म्हणूनच झालं", आणि परत एक क्वार्टर. दारूने दाबून ठेवलेली स्वप्नांची झोप उसळी मारून वर येते, थोड्या दिवसांनी निवळते, एवढं आधी सांगणारं कुणी भेटलं असतं तर त्यातले काही टिकले असते.

---

मेहरूणकाठ

@गोळीवाला, हे मला कधीच सुचलं नव्हतं. मी स्वप्नाची गोष्ट ऐकत बसते, प्रिस्क्रिप्शन बघायला मागत नाही.

---

रात्रपाळी

मूळचा पाचोऱ्याचा, हल्ली नाशिकला मेंदूविकार विभागात. थोडं लांबण लावतो.

आधी पहाटेचं. पॅसेंजरभाऊंनी गंमत केली, पण पेशंटशी बोलणं सुरू करायला याहून सोयीची जागा नाही. झोपेची साधारण दीड दीड तासाची चार-पाच आवर्तनं होतात. पहिल्या आवर्तनांत गाढ झोप भरपूर, रेम झोप जेमतेम काही मिनिटं. रेम म्हणजे जीत बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात ती. पहाटेकडे गाढ झोप आटते आणि रेमचे तुकडे लांबत जातात, शेवटचा कधी अर्ध्या तासाच्याही वर. लांबलचक, कथानक असलेली स्वप्नं तेव्हाच जास्त पडतात आणि जागही त्यातूनच येते, म्हणून लक्षात राहतात. खरी होतात का ते पॅसेंजरभाऊंच्या प्रमोशनवरून कळेलच.

हे कळलं कसं, तर शिकागोत युजीन अ‍ॅसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी स्वतःच्या लहान मुलाच्या डोळ्यांभोवती तारा चिकटवून रात्र रात्र कागदावरच्या रेघा बघत बसायचा. मुलगा झोपलेला, आणि डोळ्यांच्या रेघा जागेपणीसारख्या उड्या मारताहेत. आधी त्याला वाटलं यंत्र बिघडलं. १९५३ मध्ये त्याने आणि त्याचे गुरू क्लाइटमन यांनी ते छापलं. १९५७ मध्ये डिमेंट आणि क्लाइटमन यांनी लोकांना या झोपेतून मुद्दाम उठवून विचारलं, तर बहुतेक वेळा स्वप्न सांगता आलं. लिऑनमध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर दाखवलं की या झोपेत मेंदू जागा असल्यासारखा चालतो पण अंगाचे स्नायू पार ढिले पडतात. मेंदूच्या देठातली ठरावीक जागा निकामी केली, तर तेच मांजर झोपेतच उठून झडप घालायचं.

बहुतेकांचं वाचन इथे नाहीतर १९७७ पाशी थांबतं. त्या साली हॉब्सन आणि मॅककार्ली यांनी मांडलं की मेंदूच्या देठातून येणाऱ्या विस्कळीत संदेशांना वरचा मेंदू कशीबशी गोष्ट जोडतो, तेच स्वप्न. पण रेम म्हणजेच स्वप्न हे समीकरण पुढे टिकलं नाही. रेम नसलेल्या झोपेतून उठवलं तरी लोक स्वप्नं सांगतात. मार्क सोल्म्स यांनी १९९० च्या दशकात मेंदूला इजा झालेले पेशंट तपासले. कपाळामागच्या खोल भागात किंवा मेंदूच्या मागच्या-बाजूच्या सांध्यापाशी इजा झालेल्या काहींची स्वप्नंच थांबली होती, देठ शाबूत होतं तरी. २०१७ मध्ये सिक्लारी आणि सहकाऱ्यांनी ईईजीवर दाखवलं की झोप कुठलीही असो, स्वप्न चालू असताना मेंदूच्या मागच्या भागातल्या लहरी बदललेल्या असतात. कोर्समध्ये इथपर्यंतचं नसेल तर पैसे परत मागा.

पण धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट आहे ती जुव्हेच्या मांजराचीच. वेगळ्या प्रतिसादात लिहितो, राउंडची वेळ झाली.

---

वैद्य_अमळनेर

चांगला धागा. एक भर घालतो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढे घडणारं सुचवणारं, आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. त्यातली पहिली पाच निष्फळ समजावीत, असं वैद्याला स्पष्ट सांगितलंय. स्वप्नात साप दिसला म्हणजे धनलाभ, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं.

---

बोदवड_पॅसेंजर

म्हणजे मनी वसे ते स्वप्नी दिसे हे पाचात आलं. आणि भाविकाचं काय वैद्यबुवा? तिथे दार उघडं ठेवलंच ना?

---

वैद्य_अमळनेर

ठेवलंय. नाकारत नाही. मी ते पेशंटवर वापरत नाही, इतकंच म्हणेन. पण दोषज प्रकार मला रोज उपयोगी पडतो. ताप, अपचन, जागरण यांनी स्वप्नं बिघडतात हे पेशंटला आपल्या भाषेत सांगितलं की पटतं.

---

रात्रपाळी

वैद्यबुवांशी इथवर माझं जमतं. पुढे जाऊन 'चरकांना रेम माहीत होती' असं कुणी म्हणू नका म्हणजे झालं.

तर राहिलेलं. एक नमुना सांगतो, दोन-तीन पेशंट एकत्र करून, ओळख पटू नये म्हणून. साठीचे गृहस्थ, मणक्याचं दुखतंय म्हणून आलेले. स्वप्नाचा विषयही नाही. निघताना बायको हळूच म्हणाली, "यांच्या शेजारी झोपायची सोय राहिली नाही." हाताच्या दंडावर निळा डाग. पहाटे ते ओरडतात, लाथा झाडतात, एकदा पलंगावरून खाली पडले. उठवलं की लगेच भानावर येतात आणि सांगतात, कुत्रं मागे लागलं होतं, त्याला हाकलत होतो. दिवसा माणूस अगदी गरीब. घरच्यांनी दृष्ट काढून झाली, पलंगाची दिशा बदलून झाली.

रेम झोपेत अंग ढिलं पडायला हवं ते पडत नाही, म्हणून माणूस स्वप्न हातापायांनी करून दाखवतो. शेंक आणि महोवाल्ड यांनी मिनेसोटात १९८६ मध्ये हा आजार म्हणून वर्णन केला. जीव लावून ऐकायची गोष्ट पुढे आहे. दुसरं कारण न सापडलेल्या अशा १,२८० पेशंटांचा अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून पाठपुरावा केला, २०१९ मध्ये छापून आलं. पार्किन्सन किंवा त्याच कुळातला स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे ६ टक्के, बारा वर्षांत ७३ टक्क्यांच्या वर. हाताला कंप सुटायच्या कित्येक वर्षं आधी हा आजार स्वप्नातून दिसत असतो. सोबत वास कमी येणं आणि जुनं बद्धकोष्ठ असेल तर जास्तच लक्ष द्यायचं.

लगेच घाबरवायचं मात्र नाही. घोरणं आणि श्वास अडकणं जोरात असेल तरी माणूस असाच झाडाझाड करतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे उद्भवतं. म्हणून नक्की निदान रात्रभराच्या झोप-तपासणीनेच, व्हिडिओसकट. डोक्यावर, डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीवर तारा लावतात. हनुवटीची रेघ रेममध्ये सपाट व्हायला हवी, यांची होत नाही. तोवर पलंग खाली करा, उशाजवळचा तांब्या-काच हलवा, बायकोला काही दिवस वेगळं झोपू द्या. मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात, पण श्वास अडकणाऱ्याला क्लोनाझेपाम जपून.

हे ओळखायला न्यूरॉलॉजिस्ट लागत नाही. "झोपेत स्वप्न करून दाखवतात का?" एवढं जोडीदाराला विचारणारा कुणीही चालतो, चोपड्याचा फॅमिली डॉक्टर असो की यावलची आशाताई. माझ्या मते तुमच्या कोर्सचा गाभा हा. अर्थ लावणं राहू द्या.

---

केळीबाग_यावल

मी डॉक्टर नाही, शेतकरी. वाचत होतो म्हणून लिहितो. आमच्याकडे मोटारीची लाईट आठवड्यातून काही दिवस रात्रीच येते. बागेला पाणी द्यायला रात्री जावं लागतं, पहाटे येऊन पडतो, साताला परत उठायचं. आमचा भाऊबंद परवा म्हणे, "माले रोज एकच सपन पडस, मोटर बंद पडस नी पानी दुसराना वावरमा जास." हसलो सगळे. पण त्याची झोपच होत नाही हे खरं. याला गोळी नको, दिवसाची लाईट पाहिजे.

---

रात्रपाळी

केळीबाग, तुमचं बरोबर आहे. पहाटेची झोप कापली गेली की रेमच कापली जाते, आणि मग झोपायला मिळालं की ती तुटून पडते. गोळीने ते भरून निघत नाही.

---

भुसावळ_लॉबी

मालगाडीवर लोको पायलट. नाईट करून सकाळी झोपलो की कधी कधी जाग येते पण हात हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. रनिंग रूममध्ये एका पोराला तसंच झालं, तेव्हापासून त्या कॉटवर कुणी झोपत नाही. हे स्वप्न की काय?

---

रात्रपाळी

दोन्ही एकदम. डोळे उघडले, भान आलं, पण रेमचं ढिलेपण अजून अंगातून गेलेलं नाही. वर स्वप्नाचा तुकडा जागेपणी चालूच. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. पाळ्यांची नोकरी, अर्धवट झोप, उताणं झोपणं याने वाढतं. सकाळची वेळ शरीराच्या घड्याळात रेमचीच असते, म्हणून नाईट उतरून झोपलेल्याला जास्त. जीवाला धोका नाही. एक बोट किंवा पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करतात लोक, त्याने लवकर सुटतं असं सांगतात. पण दिवसा ड्युटीवर झोप आवरत नसेल, हसताना गुडघ्यातली ताकद जात असेल, तर मात्र दाखवून घ्या, ते वेगळं असू शकतं.

कॉटचा काही दोष नाही. झोपा खुशाल.

---

सातपुडा_शाळा

नंदुरबारकडे निवासी शाळेत समुपदेशक आहे. लहान मुलं रात्री किंचाळून उठतात, डोळे उघडे, घामाघूम, ओळखत नाहीत. वसतिगृहात घबराट होते, पालक भगताकडे नेतात. सकाळी पोराला काहीच आठवत नाही. हे वाईट स्वप्न धरायचं का?

---

मेहरूणकाठ

एवढं मला येतं. 😀 ते स्वप्न नव्हे. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत, गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्यामुळे होतं, म्हणून आठवत नाही. वाईट स्वप्न पहाटेकडे पडतं, पोर पूर्ण जागं होतं, गोष्ट सांगतं, जवळ या म्हणतं. पहिल्यात हलवून उठवू नका, पडणार नाही एवढं बघा, आपोआप झोपतं. ताप, जागरण, लघवी तुंबणं यांनी वाढतं. रोज ठरलेल्या वेळी होत असेल तर त्याच्या थोडं आधी हळूच जागं करून बघतात. वय वाढेल तसं बहुतेकांचं थांबतं.

---

रात्रपाळी

अगदी. एकच जोड: एका रात्रीत अनेकदा, दर वेळी हुबेहूब त्याच हालचाली, असं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून मेंदूविकारवाल्याला दाखवा. झोपेतली फिट असू शकते. भगताशी भांडत बसू नका, तो अंगारा लावेल, तुम्ही व्हिडिओ पाठवा.

---

शंकेखोर

सगळं ठीक, पण यात समुपदेशकाने *करायचं* काय? ओळखून पुढे पाठवणं म्हणजे पोस्टमनचं काम झालं.

---

मेहरूणकाठ

हाच प्रश्न मला होता, म्हणून आठवडाभर वाचत बसले. वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांसाठी प्रतिमा-सराव म्हणून पद्धत आहे. बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांवर तिची चाचणी घेतली, २००१ मध्ये आली. अमेरिकेतल्या झोप-वैद्यकाच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तिची शिफारस केली. उलट प्राझोसिन हे आवडीचं औषध २०१८ मध्येच माजी सैनिकांवरच्या ३०४ जणांच्या चाचणीत औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. काही डॉक्टर अजून वापरतात, काहींना गुणही येतो. पण बोलून करायची पद्धत इथे औषधाच्या मागे नाही, हे आपल्या उपयोगाचं.

करायचं सोपं वाटतं. सगळ्यात भयाण स्वप्न पहिल्यांदा घ्यायचं नाही, मधलं घ्यायचं. ते वहीत लिहायचं. मग ते *हवं तसं* बदलायचं. शेवटच बदलायला हवा असं नाही, कुठूनही. आणि बदललेलं स्वप्न रोज दिवसा दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. जुनं उगाळायचं नाही.

एका ताईंचं स्वप्न (तपशील बदललेत): घरात धूर, दाराची कडी निघत नाही, पोरं आत. मला वाटलं त्या कडी उघडतील. त्यांनी कडीला हातच लावला नाही. लिहिलं, "धूर चुलीवरच्या मिरच्यांचा आहे, आई भरताची वांगी भाजतेय, मला ठसका लागलाय." स्वप्न पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, पण आठवड्यातून कधीतरी पडतं आणि त्या परत झोपतात. मी सुचवलेला बदल दिला असता तर जमलं असतं असं मला वाटत नाही.

आणि सासू उशाशी बसते त्या बाईंना मी फक्त विचारलं, भीती वाटते का? म्हणाल्या, "छे, बरं वाटतं. लोक म्हणतात वाईट असतं म्हणून विचारलं." तिथे उपचार कसला करायचा.

---

शंकेखोर

मान्य. आता पोस्टमन म्हणणार नाही. पण भयस्वप्नं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसलाय, तोही शिकवा. भयस्वप्नं सांगणाऱ्याला जगण्याबद्दल सरळ विचारायला समुपदेशकही कचरतात.

---

मेहरूणकाठ

नक्की. ते पहिल्याच सत्रात ठेवते.

---

गोळीवाला

गुणांचं बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला डॉक्टरांना पाच वर्षांत ३० गुण लागतात. मान्यता असलेल्या संस्थेच्या नावाखाली कार्यक्रम घेतला नाही तर डॉक्टर येतात, सही करतात आणि जेवणानंतर गायब.

---

वैद्य_अमळनेर

गुण असले तरी जेवणानंतर गायबच असतात. जेवण शेवटी ठेवा.

---

मेहरूणकाठ

ठरवूया मग. अर्धा दिवस. आधी गोळीवाल्यांची औषधं, मग रात्रपाळी ऑनलाइन, व्हिडिओसकट. त्यानंतर जोड्या करून भयस्वप्नाचा प्रत्यक्ष सराव, शेवटी सातपुडा_शाळा यांचे वसतिगृहातले प्रश्न. स्वप्नांचा अर्थ सांगणारं सत्र नाही, हे जाहिरातीतच लिहिते, नाहीतर त्यासाठीच गर्दी व्हायची. गुणांसाठी जळगावातल्या डॉक्टरांच्या संघटनेकडे विचारणा करते. लग्नसराई आणि मे महिना टाळू, चव्वेचाळीस डिग्रीत कुणी येणार नाही. शेवभाजीचं बघायला कोण तयार आहे?

---

बोदवड_पॅसेंजर

शेवभाजी माझ्याकडे. तिखट किती ते आधी सांगा, रात्री स्वप्नं पडली तर मला बोलायचं नाही.

---

भुसावळ_लॉबी

आम्ही डॉक्टर-बिक्टर नाही, पण लॉबीतले दोन-चार जण यायचं म्हणतात. चालेल का?

---

मेहरूणकाठ

चालेल काय, तुमच्यासाठी वेगळा अर्धा तास ठेवते. फक्त नाईट उतरून थेट येऊ नका. झोपून या.